अडलेलं वाचन पुन्हा सुरू करताना: कोणती क्लासिक कादंबरी घ्यावी आणि ती कशी पार करावी

पुस्तक उघडलं जातं, दोन पानं होतात आणि तिसऱ्या पानावर लक्षात येतं की आधीचं काहीच डोक्यात गेलेलं नाही. मग पुन्हा मागे. असं तीन-चारदा झालं की पुस्तक उशाशी पडून राहतं आणि काही महिन्यांनी 'माझं वाचन सुटलं' असं आपणच जाहीर करून मोकळे होतो. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'काहीतरी हलकंफुलकं वाच.' तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. हलकं पुस्तक संपतं, पण पुढचं पुस्तक हातात घ्यावंसं वाटेल असं मागे काही उरत नाही. पकड घेणारी आणि डोक्याला खाद्य देणारी क्लासिक कादंबरी दोन्ही कामं करते, मात्र ती नीट निवडावी लागते.

निवडताना एक गोष्ट फार उपयोगी पडते. क्लासिक कादंबऱ्या अर्धवट सुटतात त्या बहुतेक ठरलेल्या जागांवर: कुठे सुरुवातीची पत्रं, कुठे मधलं लांबलचक भाषण, कुठे एकदम बदललेला निवेदक. ती जागा आधीच ठाऊक असेल तर वाचक 'आपल्याला हे झेपत नाही' असं म्हणून थांबत नाही, तेवढा चढ पार करून पुढे जातो. म्हणून खाली प्रत्येक पुस्तकाबरोबर ते कुठे जड जातं तेही दिलं आहे. शेवट मात्र एकाचाही फोडलेला नाही.

आधी बघा, नेमकं अडलंय कुठे

सगळ्यांचं वाचन एकाच कारणाने थांबत नाही. काहींचं लक्षच टिकत नाही, डोळे ओळींवरून नुसते घसरत जातात. अशांना सरळ रेषेत चालणारी, मोजक्या पात्रांची छोटी कादंबरी हवी. काहींचं लक्ष टिकतं, पण पुढे काय होणार याची ओढ वाटत नाही. त्यांना रहस्य किंवा ताण असलेलं काही द्यावं, आकार थोडा मोठा असला तरी चालतो. तिसरा प्रकार सर्वांत जास्त दिसतो: एखादा जाडजूड ग्रंथ अर्ध्यावर अडकलेला असतो आणि तो संपल्याशिवाय दुसरं काही वाचायचं नाही असा हट्ट असतो. इथे उपाय सोपा आहे. त्या ग्रंथातली खूण काढा, पान क्रमांक आणि तिथवरची गोष्ट दोन ओळींत लिहून कागद आतच ठेवा आणि पुस्तक कपाटात परत टाका. समोर दिसत राहिलं की ते नव्या पुस्तकाचाही वेळ खातं.

मन आधीच खचलेलं असेल तर विषय बघून घ्या. टॉलस्टॉयची 'द डेथ ऑफ इव्हान इलिच' (१८८६) अवघ्या १२ प्रकरणांची आणि अप्रतिम आहे, पण ती एका माणसाच्या मरणाची सविस्तर कहाणी आहे. घरात आजारपण सुरू असताना ती उघडू नये.

लांबी पानांत मोजू नका, तासांत मोजा

पानांचा आकडा फसवतो. टाइप मोठा, समास रुंद असले की तीच कादंबरी १०० पानांची १४० होते. शब्दसंख्येवरून वेळ काढणं जास्त खात्रीचं. सवय सुटलेला वाचक मिनिटाला साधारण १५० शब्द वाचतो असं धरा आणि रोज २० मिनिटं. हेमिंग्वेची 'द ओल्ड मॅन अँड द सी' (१९५२) इंग्रजीत सुमारे २७,००० शब्दांची आहे, म्हणजे तीन तास, म्हणजे नऊ दिवस. दोस्तोयेव्हस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट' (१८६६) इंग्रजी अनुवादात दोन लाख शब्दांच्या आसपास जाते. याच वेगाने सव्वादोन महिने लागतील. अडलेलं वाचन सुरू करायला पहिलं पुस्तक दोन आठवड्यांत संपायला हवं, म्हणजे ४०,००० शब्दांच्या आत. बाकीची भव्य पुस्तकं दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाला.

इथे एक खबरदारी. छोटं म्हणजे सोपं असं नसतं. कॉनरॅडची 'हार्ट ऑफ डार्कनेस' या मापात जेमतेम बसते, पण गोष्टीत गोष्ट, लांब परिच्छेद आणि धुक्यासारखं निवेदन यांमुळे ती ताज्या वाचकालाही दमवते. हेन्री जेम्सची 'द टर्न ऑफ द स्क्रू' भुताटकीची म्हणून लोक उत्साहाने घेतात आणि पल्लेदार वाक्यांत अडकतात. दोन्ही श्रेष्ठ आहेत, पण आत्ता नकोत.

पहिलं पुस्तक: यातलं एकच उचला

*ॲनिमल फार्म*, जॉर्ज ऑर्वेल, १९४५. आमची पहिली शिफारस हीच. १० प्रकरणं, प्रत्येक साधारण २० मिनिटांचं. रोज एक प्रकरण, दहा दिवसांत पुस्तक खलास. मालकाला हाकलून शेत ताब्यात घेणाऱ्या प्राण्यांची ही गोष्ट रशियन क्रांतीवर बेतलेली आहे. तो इतिहास माहीत असला तर बरं, पण पहिल्या वाचनाला त्याची गरज नाही. कोणता प्राणी म्हणजे कोणता नेता हे शोधत बसलात तर गोष्ट हातची जाईल. त्याऐवजी एक काम करा. दुसऱ्या प्रकरणात प्राणी कोठाराच्या भिंतीवर सात आज्ञा लिहितात. त्या सातही एका कागदावर जशाच्या तशा उतरवून घ्या, कागद घडी घालून पुस्तकात ठेवा आणि पुढे भिंतीचा उल्लेख येईल तेव्हाच काढा. 'कोणत्याही प्राण्याने पलंगावर झोपू नये' या आज्ञेत पुढे 'चादर घालून' एवढीच भर पडते. कागद नसेल तर वाचकही त्या प्राण्यांसारखाच म्हणतो, आधीपासून असंच होतं बहुतेक. सत्ता स्मरणशक्तीवर कशी चालते हे कळायला एवढा एक कागद पुरतो.

*द मेटामॉर्फोसिस*, फ्रान्झ काफ्का, १९१५. तीन भाग, प्रत्येकाला पाऊण-एक तास. ही मात्र तुकड्यांत वाचू नका, एक भाग एका बैठकीत. म्हणून ही रोजची २० मिनिटं काढणाऱ्यांपेक्षा सुट्टीच्या तीन सकाळी हाताशी असणाऱ्यांना सोयीची. पहिल्याच वाक्यात ग्रेगोर साम्सा किड्यासारख्या प्राण्यात बदललेला आहे, आणि नवा वाचक लगेच 'पण का?' या प्रश्नाच्या मागे लागतो. कादंबरी याचं उत्तर देत नाही. लक्ष ठेवायचं ते दुसरीकडे. शरीर बदललेलं असताना हा माणूस घड्याळाकडे बघून पाचची गाडी चुकली, आता सातची तरी मिळेल का आणि साहेब काय म्हणेल याची काळजी करत असतो. ती काळजी आणि घरच्यांचं त्याच्याशी बदलत जाणारं वागणं, एवढे दोन धागे धरले की पुस्तक सुटत नाही. परिच्छेद मोठे आहेत, त्यामुळे मध्येच थांबल्यास जागा सापडत नाही. एका बैठकीचा आग्रह त्यासाठीच.

*क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड*, गाब्रिएल गार्सिया मार्केस, १९८१. सांतियागो नासारला मारणार आहेत हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलंय. कुणी मारलं तेही लवकरच कळतं. तरी शेवटपर्यंत श्वास रोखला जातो, कारण प्रश्न वेगळा आहे: सगळ्या गावाला ठाऊक असताना कुणी थांबवलं का नाही? पाचच प्रकरणं आहेत. अडचण एकच, नावांचा पाऊस. शेजारी, दूधवाली, पाद्री, पोलीस, सगळे नावानिशी येतात. पाच जण धरून ठेवा: सांतियागो, नवरी आंखेला, नवरदेव बायार्दो सान रोमान आणि नवरीचे जुळे भाऊ. बाकीची नावं वाहून गेली तरी काही बिघडत नाही.

*अँड देन देअर वेअर नन*, ॲगाथा ख्रिस्ती, १९३९. वर सांगितलेल्या मापाहून ही मोठी आहे, पण वेगाने भरपाई होते. दहा अनोळखी माणसं एका बेटावर, बाहेर पडायला वाट नाही. तिला नुसती रहस्यकथा समजून बाजूला सारणाऱ्यांनी एवढं बघावं की कायद्याच्या हाती न लागणाऱ्या गुन्ह्याचं काय करायचं हा तिचा गाभ्याचा प्रश्न आहे. जड जाणारी जागा अगदी सुरुवातीला: पहिल्या प्रकरणात एकेक पात्र पाठोपाठ येत जातं आणि सगळ्यांचा गोंधळ होतो. दहा नावं, प्रत्येकापुढे व्यवसाय, बस. गोष्टीत एक बडबडगीत आहे, तेही उतरवून घ्या. तिसऱ्या प्रकरणापासून कागद बघावा लागत नाही.

आणि 'द ओल्ड मॅन अँड द सी'. मराठीत पु. ल. देशपांड्यांचा 'एका कोळियाने' हा अनुवाद आहे. यात प्रकरणंच नाहीत, सगळा सलग मजकूर. थांबायचं कुठे हे ठरवलं नाही तर वाचक कंटाळून कुठेतरी थांबतो आणि दुसऱ्या दिवशी मागचं शोधत बसतो. कादंबरीतलाच काळ वापरा: म्हातारा नाव घेऊन निघतो तिथवर एक बैठक, मासा गळाला लागेपर्यंत दुसरी, नंतर प्रत्येक सूर्योदय-सूर्यास्ताला एक. मधला भाग, एक माणूस, एक दोर आणि पाण्याखालचा मासा, हा काहींना संथ वाटतो. तिथे हातांकडे लक्ष द्या. कुठला हात वळला, दोर कुठून कुठे घेतला, काय खाल्लं, याचा हिशेब लेखक काटेकोर ठेवतो, आणि सगळा ताण त्या हिशेबातच आहे.

मूळ मराठीतच वाचायचं असेल तर विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) यासाठी जणू बेतून लिहिलेली आहे. युद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर परतणारा चक्रधर आणि नाझींपासून पळालेली ज्यू तरुणी हॅर्टा. प्रवास संपणार हे दोघांना आणि वाचकालाही पहिल्यापासून माहीत असतं, त्यामुळे पानागणिक वेळ कमी होत जातो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) वेगळ्या पद्धतीने धरते. तिथे मोठं कथानक नाही. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर आणि एकेक प्रसंग. प्रसंग सुटे असल्याने रोज थोडं वाचणाऱ्याला ती सोयीची, पण 'पुढे काय' ची भूक असलेल्याने ती आत्ता घेऊ नये. पु. शि. रेग्यांची 'सावित्री' (१९६२) पत्रांची आहे आणि पत्रं एकाच बाजूची आहेत. लहान आहे, मात्र प्रत्येक पत्रानंतर थांबावं लागतं. भरभर वाचली तर हाती काही लागत नाही.

स्टीव्हन्सनची 'डॉक्टर जेकिल अँड मिस्टर हाइड' (१८८६) अशा याद्यांत नेहमी असते. आमचं मत थोडं वेगळं आहे. १८८६च्या वाचकाला ते कोडं होतं. आज पुस्तक न वाचलेल्यालाही त्याचं उत्तर ठाऊक असतं, त्यामुळे वकील अटरसनचा तपास आपण उगाच बघत राहतो. शेवटचं प्रकरण, म्हणजे जेकिलचा स्वतःचा जबाब, मात्र अजूनही अंगावर येतो. घ्यायचीच तर त्यासाठी घ्या.

प्रत हातात घेतल्यावर

प्रस्तावना सोडून द्या. क्लासिकच्या प्रस्तावना पुस्तक वाचलेल्यांसाठी लिहिलेल्या असतात आणि दुसऱ्या पानावर शेवट सांगून मोकळ्या होतात. मागच्या कव्हरचा मजकूरही पहिल्या दोन ओळींपुढे वाचू नका. प्रस्तावना शेवटी वाचली तर ती खूप चांगली लागते.

अनुवाद असेल तर आतलं शीर्षकाचं पान बघा. 'अनुवाद' आणि 'संक्षिप्त रूपांतर' यांत फार फरक आहे. संक्षिप्त प्रतीत कथानक राहतं पण विचार करायला लावणारा भाग नेमका कापला जातो, कारण कापणाऱ्याला तो फाफटपसारा वाटतो. मग एक छोटी परीक्षा: पहिलं पान वाचा आणि मधलं संवादाचं एक पान वाचा. वर्णनं कुणीही सांभाळून नेतो, अनुवाद कोसळतो तो संवादात. पात्रं माणसांसारखी बोलत नसतील तर दुसरा अनुवाद शोधा, पुस्तकाला दोष देऊ नका.

प्रोजेक्ट गुटेनबर्गसारख्या संकेतस्थळांवर जुन्या कादंबऱ्या मोफत मिळतात, पण तिथले अनुवादही बहुधा जुनेच असतात. कॉन्स्टन्स गार्नेटचा 'क्राइम अँड पनिशमेंट'चा इंग्रजी अनुवाद १९१४चा आहे. वाचनीय आहे, मात्र त्यातलं इंग्रजी शंभर वर्षांपूर्वीचं आहे हे धरून चाला. 'फ्रँकेनस्टाइन'च्या दोन आवृत्त्या फिरतात, १८१८ची मूळ आणि १८३१ची लेखिकेने सुधारलेली. पहिल्या वाचनाला कोणतीही चालेल, फक्त अर्धी एका आवृत्तीत आणि अर्धी दुसऱ्या आवृत्तीत वाचू नका. मूळ आवृत्ती तीन खंडांत असल्याने काही प्रतींत प्रकरणांचे क्रमांक प्रत्येक खंडाला नव्याने सुरू होतात आणि जागा सापडत नाही.

फोनवर किंवा ई-रीडरवर वाचत असाल तर किती टक्के झालं, किती मिनिटं उरली, हे दाखवणारी सोय बंद करा. नजर मजकुरावरून त्या आकड्याकडे जात राहते.

पहिली बैठक

पहिली बैठक नेहमीपेक्षा मोठी हवी, ४० ते ४५ मिनिटं. नवं पुस्तक सुरू करताना पहिली दहा-पंधरा मिनिटं मेंदू नावं, ठिकाण, काळ आणि लेखकाची लय जमवण्यात घालवतो. रोजची २० मिनिटं पहिल्याच दिवशी लावली तर ओढ लागायच्या आतच पुस्तक मिटलं जातं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच जमवाजमव. बरीच पुस्तकं अशी दुसऱ्या दिवशीच मरतात. पुढच्या दिवसांना २० मिनिटं पुरेशी.

फोन दुसऱ्या खोलीत. पालथा घालून शेजारी ठेवणं पुरत नाही, हात जातोच. अडलेल्या शब्दाचा अर्थ बघायलाही फोन उचलू नका, शब्दावर पेन्सिलीने टिंब करा आणि बैठक संपल्यावर सगळे एकदम बघा. त्यातले निम्मे तोवर संदर्भाने कळलेले असतात.

थांबायची जागा प्रकरणाचा शेवट असावी असं वाटतं, पण शक्य तिथे प्रसंगाच्या मधोमध थांबा. प्रकरण संपलं की मनातही गोष्ट मिटते. दार वाजलंय आणि कोण आलंय ते कळायचंय अशा ठिकाणी खूण घातली तर दुसऱ्या दिवशी पुस्तक आपणहून बोलावतं. दुसऱ्या दिवशी सुरुवात करताना खुणेच्या आधीचं अर्धं पान वाचून मग पुढे जा. 'मेटामॉर्फोसिस'सारखं पुस्तक याला अपवाद.

नावांचा कागद

रशियन कादंबऱ्या सुटतात त्या बहुतेक नावांपायी. रचना कळली की भीती जाते: स्वतःचं नाव, मग वडिलांच्या नावावरून आलेलं, मग आडनाव, अगदी आपल्यासारखंच. फरक एवढाच की तिथे आदराने हाक मारताना पहिली दोन वापरतात आणि घरचे लाडाचं तिसरंच काही म्हणतात. 'क्राइम अँड पनिशमेंट'चा नायक रोदिओन रोमानोविच रास्कोल्निकोव्ह हा आईसाठी रोद्या. त्याची बहीण अवदोत्या रोमानोव्हना हीच दुन्या. सोफ्या सेम्योनोव्हना हीच सोन्या. तपास अधिकारी पोर्फिरी पेत्रोविच याला तर अख्ख्या कादंबरीत आडनावच नाही.

कागदाच्या एका ओळीत एक माणूस: पूर्ण नाव, लाडाचं नाव, नातं. आठ-दहा ओळींच्या वर जाऊ नका. वीस नावांची वंशावळ काढायला बसलात तर तो गृहपाठ होतो. 'वदरिंग हाइट्स' (१८४७) मात्र अपवाद. दोन पिढ्या, दोन कॅथरिन, आडनावांची अदलाबदल. तिथे वंशवृक्ष काढाच, पण इंटरनेटवरचा तयार घेऊ नका, त्यात कोण कधी मरतं तेही लिहिलेलं असतं.

दुसऱ्या टप्प्यातली मोठी पुस्तकं आणि त्यांच्या अवघड जागा

एक छोटं पुस्तक संपलं की ही उघडा. काहींना 'इथवर तरी जायचंच' अशी हद्द दिली आहे, बाकीच्यांची अवघड जागा सांगितली आहे. सरसकट '५० पानं वाचा, नाही आवडलं तर सोडा' हा नियम क्लासिकला लागू पडत नाही, कारण प्रत्येकाची पकड वेगळ्या पानावर बसते.

'क्राइम अँड पनिशमेंट'मध्ये खून होतो तो पहिल्या भागाच्या शेवटी, सातव्या प्रकरणात. त्याआधी दोन चढ आहेत. दुसऱ्या प्रकरणात दारूच्या गुत्त्यात मार्मेलादोव्ह नावाचा माणूस बोलतच सुटतो, आणि तिसऱ्यात आईचं लांबलचक पत्र येतं. मार्मेलादोव्ह थोडा भरभर वाचला तरी चालेल, त्याच्या घरची माणसं तेवढी लक्षात ठेवा. पत्र मात्र ओळ न ओळ वाचा. बहिणीचं लग्न कुणाशी आणि का ठरतंय हे त्यात आहे, आणि नायकाच्या डोक्यात जे शिजतं त्याला आच तिथूनच मिळते. हद्द: पहिल्या भागाचा शेवट. तिथे पोहोचून थांबलेला वाचक विरळा.

'ड्रॅक्युला' (१८९७) उलटी आहे. पहिली चार प्रकरणं, किल्ल्यात अडकलेल्या जोनाथन हार्करची डायरी, अशी धरतात की झोप उडते. पाचव्या प्रकरणात अचानक दोन मैत्रिणींची पत्रं सुरू होतात, लग्नाच्या मागण्या वगैरे, आणि वाचक म्हणतो गोष्ट गेली कुठे? खाच दोनच प्रकरणांची आहे, पाच आणि सहा. सातव्यात जहाजाची नोंदवही येते आणि पुन्हा पकड बसते.

'फ्रँकेनस्टाइन' सुरू होते ती ध्रुवाकडे निघालेल्या वॉल्टनच्या चार पत्रांनी. नंतर फ्रँकेनस्टाइनचं बालपण आणि शिक्षण. १८३१च्या आवृत्तीत त्याने घडवलेला जीव पाचव्या प्रकरणात डोळे उघडतो आणि अकरा ते सोळा या प्रकरणांत स्वतःची कहाणी स्वतःच सांगतो. कादंबरीचं काळीज तिथे आहे. सिनेमांतला मुका राक्षस डोक्यात धरून आलेल्या वाचकाला तो इतकं नेटकं बोलतो याचाच धक्का बसतो. हद्द: अकरावं प्रकरण.

डॅफ्नी ड्यू मॉरिएची 'रिबेका' (१९३८) सातव्या प्रकरणात मँडर्लीच्या वाड्यात पोहोचते. तोवरचा माँटे कार्लोचा भाग जरा रेंगाळतो. हद्द तीच.

'१९८४' (१९४९) मध्ये गाडी रुतते ती दुसऱ्या भागाच्या नवव्या प्रकरणात. नायक विन्स्टन एक बंदी घातलेलं पुस्तक वाचू लागतो आणि त्याची पानंच्या पानं आपल्यासमोर येतात. ती शब्दशः वाचायची सक्ती नाही. खुद्द त्याची प्रेयसी ज्यूलिया ऐकता ऐकता झोपी जाते. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य वाचत पुढे सरका आणि कादंबरी संपल्यावर हवं तर परत या, तेव्हा ते प्रकरण निराळंच वाटतं.

'द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'ची ११७ प्रकरणं ऐकून दचकू नका. ती १८४४ ते १८४६ या काळात वर्तमानपत्रात हप्त्याहप्त्याने आली. तीसपर्यंत घोडदौड आहे. एकतिसाव्यापासून नवी माणसं, मग रोम, दरोडेखोर, कार्निव्हल, आणि नायक कुठे दिसेना. इथे हजारो वाचक गळले असतील. तीस झाली की मुद्दाम आठवडाभर थांबा, मधे एखादी छोटी कादंबरी वाचा आणि एकतिसावं प्रकरण नवं पुस्तक असल्यासारखं सुरू करा.

हप्त्यांचं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. 'क्राइम अँड पनिशमेंट' १८६६ मध्ये मासिकातून आली, ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' 'करमणूक' या साप्ताहिकातून. मूळ वाचकांना एका वेळी एकच हप्ता मिळायचा आणि मध्ये वाट बघावी लागायची. दोन दिवसांत फडशा पाडण्यासाठी ती लिहिलेलीच नाहीत. आठवड्याला चार-पाच प्रकरणं हा वेग त्यांना मानवतो.

शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७) जाडीने घाबरवते, पण तिची रचना मदतीला येते. निवेदक बदलत राहतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण. एक निवेदन म्हणजे एक स्वतंत्र पुस्तक असं समजून प्रत्येकानंतर एक दिवस मोकळा सोडा.

सोडायचं कधी

हद्द पार केली, नावांची अडचण नाही, अनुवाद ठीक आहे, तरी पुस्तक उघडताना जांभई येते. मग सोडा. सोडताना पान क्रमांक आणि एका वाक्यात कारण लिहा: 'निवेदक आवडला नाही', 'वर्णनं फार', 'विषय आत्ता नको'. असे तीन-चार कागद जमले की स्वतःची आवड कुणाच्याही यादीपेक्षा स्पष्ट दिसते. हद्दीच्या आत सोडलं तर मात्र दोष पुस्तकाचा की प्रवेशद्वाराचा हे कळत नाही.

संपल्यावर

लगेच समीक्षा, व्हिडिओ, परीक्षणं बघू नका, एक दिवस जाऊ द्या. सारांश लिहायचीही गरज नाही, वाचन पुन्हा थांबवायला सारांशवहीसारखा उपाय नाही. एकच प्रश्न स्वतःला विचारा, आणि तो त्या पुस्तकाचाच असू द्या. 'ॲनिमल फार्म'साठी: प्राण्यांनी नेमक्या कोणत्या पानावर विरोध करायला हवा होता? 'मेटामॉर्फोसिस'साठी: घरात खरं रूपांतर कुणाकुणाचं झालं? मार्केसच्या कादंबरीसाठी: त्या गावात मी असतो तर कोणती सबब सांगितली असती? उत्तरासाठी पुस्तक चाळावं लागलं तर उत्तम, दुसरं वाचन तिथून सुरू होतं.

पुढचं पुस्तक मागच्याच्या धाग्याने निवडा. 'ॲनिमल फार्म'नंतर '१९८४', कारण भिंतीवरची आज्ञा तिथे अख्खं सरकारी खातं होते. 'मेटामॉर्फोसिस'नंतर 'इव्हान इलिच', म्हणजे आजारी माणूस आणि त्याच्याभोवतीचं घर पुन्हा एकदा, वेगळ्या नजरेने. ख्रिस्तीनंतर 'क्राइम अँड पनिशमेंट': इथे गुन्हेगार पहिल्यापासून माहीत आहे आणि तरी तपास रंगतो. ही निवड आधीचं पुस्तक संपायला वीसेक पानं उरली असतानाच करा आणि प्रत घरात आणून ठेवा. एक संपलं त्याच दिवशी दुसऱ्याचं पहिलं पान वाचून खूण घाला, मग दोन दिवस हात लावला नाही तरी चालेल.